वेळावदर: काळ्या पाठीवरचा उजेड

पहिला दिवस

भावनगर सोडल्यावर तासाभरात भालचा मुलूख लागला. खंभातच्या आखाताजवळची ही खारवट जमीन इतकी सपाट, की लांब उभी असलेली नीलगायसुद्धा क्षितिजावर एखाद्या झाडासारखी दिसते. या सपाटीत ३४ चौरस किलोमीटरचं गवताळ कुरण राखलेलं आहे, तेच वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान. एके काळी हे भावनगर संस्थानचं राखीव रान होतं आणि इथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. १९७६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. तोवर देशातला चित्ता संपून गेला होता. त्याला चुकवण्यासाठी लागणारा वेग मात्र काळविटाच्या पायांत अजून तसाच आहे.

मला या प्राण्याचे चांगले फोटो काढायचे होते. आधी काढले नव्हते असं नाही, पण माझ्या जुन्या फोटोंमध्ये काळवीट म्हणजे शिंगं असलेला एक काळा डाग होता. त्याचा चेहरा नव्हता. या वेळी चार दिवस एकाच प्राण्याला द्यायचे, दुसऱ्या कशामागे धावायचं नाही, असं ठरवून आले. सोबत सोळा वर्षांची भाची. तिच्याकडे ७०-३०० मिलिमीटरची लेन्स, माझ्याकडे १५०-६०० ची, आणि गाडीच्या खिडकीवर ठेवायला तांदूळ भरलेल्या दोन कापडी पिशव्या. खिडकीतून फोटो काढताना त्या पिशवीइतका उपयोग महागड्या ट्रायपॉडचाही होत नाही.

दुपारी साडेतीनला आत शिरलो. फेब्रुवारी संपत आला होता, गवत वाळून फिकट सोनेरी झालं होतं आणि त्यावर ऊन सपाट पडलं होतं. पहिला नर रस्त्यापासून साठ-सत्तर मीटरवर. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं, पिळदार शिंगं. मी भराभर चाळीस फोटो काढले आणि संध्याकाळी खोलीवर ते पाहिल्यावर गप्प बसून राहिले. जिथे काळवीट लहान आणि गवत जास्त, तिथे त्याचा चेहरा डांबरासारखा. जिथे तो चौकटभर, तिथे काळी पाठ राखाडी आणि पोटाचा पांढरा रंग जळलेला.

कारण सोपं आहे, पण माळावर पोचल्याच्या आनंदात ते माझ्या लक्षात राहिलं नाही. कॅमेरा समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी धरून चालतो. फिक्या गवताने चौकट भरली की त्याला वाटतं उजेड फार आहे, म्हणून तो फोटो गडद करतो. काळ्या पाठीने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळ करतो. उजेड मात्र दोन्ही वेळा तोच असतो. काळविटासारख्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या प्राण्यासमोर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोपवून चालतच नाही.

भाचीने विचारलं, "मावशी, मग आपण मोजायचं कशावर?"

गवतावर. ज्या उन्हात प्राणी उभा आहे त्याच उन्हातल्या गवताचा एक फोटो काढायचा, हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर मध्यापासून थोडा उजवीकडे येईल असं मॅन्युअलवर, म्हणजे आपल्या हाताने, बसवायचं आणि मग ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. प्राणी जवळ येवो, लांब जावो. वहीच्या पहिल्या पानावर तिने हे लिहून घेतलं.

दुसरा दिवस

पहाटे चांगलाच गारवा होता. गाडी निघण्याआधीच खिडक्या उघडून टाकल्या. आतली ऊबदार हवा खिडकीतून बाहेर पडून गार हवेत मिसळत राहिली की लेन्ससमोरच ती थरथरते आणि कितीही अचूक फोकस केला तरी फोटो मऊ येतो. लेन्स बिघडली असं समजून लोक ती दुरुस्तीला नेतात. पंधरा मिनिटं कुडकुडलो, पण आतलं आणि बाहेरचं तापमान एक झालं.

गाइडला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की आम्हाला बरेच काळवीट नकोत, एकच चालेल, पण जागा धरून बसणारा हवा. तो हसला आणि म्हणाला, "बेन, एवा तो घणा छे." असे तर पुष्कळ आहेत. त्याने गाडी एका मोकळ्या पट्ट्याजवळ नेऊन इंजिन बंद केलं.

माजाच्या दिवसांत इथले नर छोटे छोटे तुकडे वाटून घेतात. एकाच्या तुकड्याला लागून दुसऱ्याचा, असा त्यांचा आखाडाच भरतो आणि माद्या त्यातून फिरत नर निवडतात. प्रत्येक तुकड्यात लेंड्यांचा एक ढीग असतो. धनी पुन्हा पुन्हा तिथेच येतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीतला स्राव गवताच्या काडीला पुसतो, मान वर करून शिंगं पाठीला टेकवतो, शेपूट वळवतो आणि ठुमकत चालतो. हे कळलं की फोटोचं अर्धं काम झालं, कारण तो कुठे येणार हे आधीच ठाऊक असतं. आपण फक्त त्या ढिगामागे काय दिसतंय ते पाहायचं. आमच्या जागेवरून ढिगामागे वेड्या बाभळीचं एक वाळकं झुडूप येत होतं. गाडी चार हात मागे घ्यायला लावली, तेव्हा मागे फक्त गवत आणि खूप लांबचं धूसर क्षितिज उरलं.

आता क्षितिजाबद्दल. सपाट माळावर ही रेघ कुठे पडते यावर फोटो तरतो किंवा बुडतो. गाडीत ताठ बसून पाहिलं तर काळवीट गवतात चिकटवल्यासारखा दिसतो. थोडं खाली आलं की रेघ नेमकी त्याच्या मानेतून जाते आणि गळा कापल्यासारखं वाटतं. आणखी खाली गेलं की डोकं आणि शिंगं रेघेच्या वर मोकळ्या आकाशात येतात. मी सीटवरून उतरून गाडीच्या तळाशी मांडी घातली आणि उघड्या दारातून लेन्स बाहेर काढली. नजरेची उंची दीडएक हाताने उतरली आणि तो प्राणी एकदम मोठा, त्या जागेचा मालक वाटायला लागला. आपण उभे राहून खाली पाहतो तसे फोटो बहुतेकांकडे असतात. जनावराच्या डोळ्याला डोळा लावून काढलेला फोटो पाहताना माणूस थांबतो, हे मी माझ्याच घरच्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

सात वाजून गेल्यावर ऊन आलं. गाडी मुद्दाम पश्चिमेला उभी केली होती, म्हणजे सूर्य काळविटाच्या मागे. समोरून येणाऱ्या उजेडात काळा प्राणी म्हणजे नुसती सावली होईल, अशी भाचीला भीती होती. पण कोवळं ऊन इतकं तिरपं असतं की पाठीच्या केसांवरून, कानांच्या कडांवरून ते सोन्याच्या धाग्यासारखं ओघळतं. तो खुरांनी माती उकरायला लागला आणि धूळही पेटल्यासारखी झाली. त्या वेळी एक्स्पोजर मी पाऊण स्टॉप कमी केलं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). त्यात चेहऱ्याचे बारकावे गेले, ते मी जाऊ दिले. पाठीवरचा उजेड हवा असेल तर चेहरा अंधारात राहतो, आणि चेहरा हवा असेल तर गाडी पलीकडच्या बाजूला न्यायला लागते. एकाच फोटोत दोन्ही मागितलं की काहीच मिळत नाही. चेहऱ्यासाठी आम्ही नंतर सूर्य पाठीशी घेऊन थांबलो. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला की शटर दाबायचं आणि मान वळून तो विझला की बोट उचलायचं. काळविटाच्या काळ्या चेहऱ्यातला काळा डोळा त्या एका ठिपक्याशिवाय दिसतच नाही.

साडेनऊनंतर सगळं बिघडायला लागलं. जमीन तापली, हवेचे थर हलायला लागले आणि दीडशे मीटरवरचा कळप पाण्यातून पाहिल्यासारखा डुलायला लागला. यावर इलाज नाही. भारी लेन्स लावली तर थरथर तेवढीच मोठी दिसते. उलट खाली बसल्यावर ती जास्तच जाणवते, कारण तापलेली हवा जमिनीलगत असते. म्हणजे जमिनीजवळचा कोन पहिल्या दोन तासांचा, पुढे तो सोडून द्यायचा. आम्ही परतलो.

संध्याकाळ हॅरियर पक्ष्यांची होती. एकाच प्राण्याला चार दिवस द्यायचे हा माझा नियम मी इथे मोडला आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. मध्य आशियातून हिवाळ्यापुरते येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ पकडतात आणि सूर्य कलला की रात्रीच्या मुक्कामाला या कुरणात उतरतात. झाडावर नव्हे, जमिनीवर, गवतात. इतके हॅरियर एकत्र मुक्कामाला येतात अशा जागा जगात फार थोड्या आहेत. सुरुवातीला एक, मग तीन, मग जिकडे पाहावं तिकडे गवताच्या टोकांना पोट घासत येणारे पंख. माँटेग्यूज हॅरियरचा नर राखाडी, पंखांची टोकं काळी आणि पंखावर एक काळी पट्टी. पॅलिड हॅरियरचा नर त्याहून फिका, टोकाला फक्त काळी पाचर. माद्या तपकिरी, त्यांच्यातला फरक ओळखायला मला अजून वेळ लागतो.

उजेड झपाट्याने उतरत होता. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरून १६००, मग ३२००. १/१६०० सेकंदाचा शटर सोडवेना, पण शेवटी १/५०० वर आले आणि त्यानंतर हट्टच सोडला. शटर १/४० वर आणला आणि पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवत राहिले. साठएक फोटोंमधले दोन जमले. त्यातल्या एकात गवताचे तांबूस पट्टे झाले आहेत आणि मधोमध एका राखाडी नराचं डोकं स्थिर आहे. पंख विरघळले आहेत. उडण्याचा जो अनुभव गाडीत बसून येत होता तो १/१६०० च्या लख्ख फोटोंमध्ये नाही, या एकात आहे.

आणखी जवळ जाण्याचा मोह होत होता. गाइडने मान हलवली, आणि तेच योग्य होतं. उतरलेला पक्षी एकदा उठवला की अंधारात त्याला नवी जागा शोधावी लागते, आणि याच गवतात रानमांजर आणि कोल्हाही फिरत असतात. दिवे न लावता हळूहळू मागे आलो.

तिसरा दिवस

सकाळी रस्त्यावर थांबलो, उड्यांसाठी. माद्यांचा कळप कुरणाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना रस्ता ओलांडतो आणि तेव्हा त्या उडतात. उडतात हाच शब्द बरोबर आहे, चारही पाय पोटाशी घेऊन माणसाच्या उंचीवर. पण उडी दिसल्यावर शटर दाबला तर फोटोत मोकळं आकाश येतं. हे दोन वेळा झाल्यावर भाची वही काढून नुसती पाहत बसली. तिने जे लिहिलं त्याचा मला फार उपयोग झाला. सगळ्यात आधी एका मादीचं चावणं थांबतं. मग तिचे कान पुढे. मग दोन-तीन माना वर. मग सगळ्या एका दिशेला तोंड करतात आणि चालायला लागतात. रस्त्याच्या कडेला पहिली थबकते, मागचे पाय आत घेते, आणि वर. आणि पहिली जिथून उडाली तिथूनच, किंवा हातभर इकडेतिकडे, बाकीच्या उडाल्या.

म्हणजे पहिली उडी पाहायची आणि दुसरीपासून काढायची. मी जागा धरली, फोकस त्या अंतरावर नेऊन ठेवला, शटर १/२५०० आणि चौकट मुद्दाम सैल ठेवली, कारण उडी किती उंच जाईल ते आधी कळत नाही आणि कापलेले खूर नंतर जोडता येत नाहीत. पाचव्या मादीचा फोटो आला. पाय दुमडलेले, कान मागे, खाली रस्त्यावर तिची सावली सुटी पडलेली. ती सावली नसती तर उंची कळलीच नसती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्यामागून आलेल्या एका गाडीने, उड्या दिसाव्यात म्हणून, कळपाच्या दिशेने जोरात हॉर्न वाजवला. कळप फुटला. त्यांना उड्या मिळाल्या असतील. पण घाबरून पळणाऱ्या मादीच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, मान ताणलेली असते, आणि ते फोटोत उतरतं. ज्याला प्राण्यांची सवय आहे त्याला ते लगेच दिसतं. मला त्या प्रकाराचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एक पाडस उलट्या दिशेला गेलं आणि बराच वेळ आईला शोधत होतं.

दुपारी उद्यानाबाहेर, एका शेताच्या बांधावर पालथी पडून होते. काळवीट कुंपण मानत नाहीत, आसपासच्या शेतांत सर्रास चरतात. शेतमालकाने बिनतक्रार परवानगी दिली. सरपटत गेले नाही. आधी जाऊन पडले आणि कळप चरत येण्याची वाट पाहिली. काळविटाचं सगळं भान नजरेवर आहे. उघड्या माळावर पुढे सरकणारी आकृती त्याला अर्ध्या किलोमीटरवरून खटकते, आधीपासून पडून असलेली नाही. दीड तासाने एक तरुण नर, अजून तपकिरीच, पंचवीस मीटरवर आला. उन्हात हवा हलत होती, तरी इतक्या जवळून ती आड आली नाही. गवताची पाती मात्र सारखी आड येत होती आणि कॅमेरा डोळ्याऐवजी पात्यावर फोकस घ्यायचा. डोळा आपोआप ओळखण्याची सोय आहे, पण तिला चेहऱ्यातला डोळा आणि समोरची काडी यात गोंधळ होतो. एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरणं हा जुना मार्ग इथे खात्रीचा. समोरची पाती पुसट होऊन फोटोत एक मऊ पडदा आला, तो मला आवडला.

संध्याकाळी लांडगा. गाइडने आधी लांडगा पाहिला नव्हता, त्याने नीलगायी पाहिल्या. तिघी एकाच दिशेला तोंड करून पुतळ्यासारख्या. मग काळविटांच्या माना. त्या सगळ्या नजरा जिथे मिळत होत्या तिथे, अडीचशे मीटरवर, गवताच्याच रंगाचं काहीतरी चालत होतं. माझ्या ६०० मिलिमीटरमध्येही तो अंगठ्याच्या नखाएवढा. पुढे चला असं तोंडावर आलं होतं, पण आवरलं. लेन्स ६०० वरून ३०० वर आणली. आता चौकटीत डावीकडे लांडगा, उजवीकडे बावीस काळवीट, सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे, आणि मधे तेवढं रिकामं गवत. लांडग्याच्या अंगावरचा केस न केस दिसणारा फोटो दुसऱ्या कुणाकडे असेल. त्या रिकाम्या गवतात जी शांतता होती तिचा फोटो मला मिळाला. लांडग्याने शिकार केली नाही. एकदा थांबून सगळ्यांकडे पाहिलं आणि तो तसाच चालत गेला.

रात्री भाचीने तिचा त्याच क्षणाचा फोटो दाखवला. तिने लांडगा सोडून फक्त माना घेतल्या होत्या. बघणारे आहेत, ज्याला बघताहेत तो नाही. मी तो बराच वेळ हातात धरून होते.

चौथा दिवस

जायच्या दिवशी सकाळी दोनच तास होते. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. त्या लेंड्यांच्या ढिगाजवळ, त्याच नराकडे. त्याच्या डाव्या कानाला एक खाच होती, त्यामुळे तो ओळखू यायचा.

गाडी थांबली तेव्हा तो शेजाऱ्याशी भिडला होता. शिंगं अडकवून दोघं गोल फिरत होते, माती उडत होती. भांडणाचे फोटो बहुतेक वेळा शिंगांच्या गुंत्यात संपतात, म्हणून मी दोघांपैकी एकाचा डोळा दिसेल अशा क्षणासाठी थांबले. तो येऊन गेला, एकदाच, तेवढ्यात शेजारी माघारी वळला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

मग खाचेवाला आमच्याकडे आला. सरळ गाडीकडे नाही, पण ढिगाच्या अलीकडे, तीसएक मीटरवर. पहिल्या भेटीत याच अंतरावर त्याने मान ताठ केली होती आणि कान आमच्यावर रोखले होते. आता कान इकडे-तिकडे फिरत होते, शेजाऱ्यांकडे, माद्यांकडे, एका टिटवीकडे. आमच्याकडे नाही. त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग खाली घेतला आणि बसला.

ऊन अजून कोवळं होतं, बाजूने येत होतं. गवतावर मोजून ठेवलेलं एक्स्पोजर तसंच. मी गाडीच्या तळाशी, लेन्स दारात, तांदळाच्या पिशवीवर. त्याचा डोळा माझ्या डोळ्यासमोर. काळ्या चेहऱ्याचे केस सुटे दिसत होते, नाकावरचं दव दिसत होतं, पांढऱ्या कड्यातल्या डोळ्यात सूर्याचा ठिपका. अकरा फोटो काढले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला, कारण बारावा काढायचं काही कारण उरलं नव्हतं.

भाचीने तिची लेन्स आधीच झाकली होती. ती वहीत लिहीत होती. नंतर गाडी निघाल्यावर मी ती वही मागून घेतली. शेवटच्या पानावर एवढंच होतं: "७.५२. बसला. कान सैल. रवंथ सुरू."